वाडीचं पाणी

गेल्या शनिवारी ज्या पाण्यात तुम्ही उडी मारलीत, ते पाणी तुमच्यानंतर कोण प्यायलं?

वर्षभरापूर्वी हा प्रश्न मला कोणी विचारला असता तर मी हसले असते. आम्ही दुबई-शारजाची माणसं. पाण्याला खालची बाजू असते, हे आमच्या डोक्यातच येत नाही. पाणी नळातून येतं, बाटलीतून येतं, आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात सापडतं. हिवाळ्यात दर शनिवारी पहाटे आमची टोळी अल मनखूलच्या एका कॅफेटेरियासमोर जमते, शारजाची गाडी अजून ट्रॅफिकमध्ये कशी म्हणून शिव्या घालते, कागदी कपातला कडक चहा पिते आणि पूर्वेच्या डोंगरांकडे निघते. तिथे कोरड्या ओढ्यांची पात्रं आहेत. त्या पात्रातूनच चालायचं, दगडांवरून उड्या मारत. दुसरी वाट नसतेच. तासा-दोन तासांनी एखादा हिरवा डोह लागतो. त्यात उडी मारायची, डबे उघडायचे, परत यायचं.

अशा कोरड्या पात्राला अरबीत वादी म्हणतात. पण रस्त्यावरच्या पाटीवर ते इंग्रजीत वाचायचं, आणि इंग्रजी डी दिसला की मराठी माणूस ड म्हणणार. त्यामुळे आमच्या टोळीत सगळे वाडी म्हणतात. "उद्या कुठली वाडी?" "मागच्या वाडीत पाणी नव्हतं यार." आमच्यात वाडी म्हणजे पोहणं.

मी एकटी भांडायचे. "वाडी म्हणजे वस्ती. घरं असतात, माणसं असतात. याला वादी म्हणा."

"आल्या पत्रकबाई," असं म्हणून सगळे हसायचे. सहा वर्षं मी हे सांगत होते आणि सहा वर्षं ते हसत होते.

पत्रकबाई हे नाव मला उगीच पडलेलं नाही. मी वाढले मनखूलमध्ये, शिकले ऊद मेथातल्या शाळेत. तिथे मराठी नव्हतं. घरीही आई मराठीत विचारायची आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. मग बाबांनी एक दिवस कपाटावरून खोक्याची फाइल काढली. इथे ड्राफ्ट्समन म्हणून येण्याआधी बाबा त्यांच्या तालुक्यात पत्रकं लिहायचे. रस्त्यासाठी, रेशनसाठी, पाण्यासाठी. इथे आल्यावर त्यांनी एकही लिहिलं नाही, पण जुनी सगळी फाइलमध्ये लावून आणली होती. दुसरं मराठी पुस्तक हाताशी नव्हतं, म्हणून मी त्यांवर शिकले. इतर मुलं पहिल्या धड्यात काय वाचतात मला माहीत नाही. मी "बंधू-भगिनींनो, आणखी किती दिवस गप्प बसणार?" हे वाचलं. प्रत्येक पत्रक प्रश्नाने सुरू व्हायचं आणि "तरी आपण" असं काहीतरी करावं या विनंतीने संपायचं. माझं लिहिणं अजून तसंच आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

त्यातलं एक गुलाबी कागदावरचं मला तोंडपाठ होतं. एका वाडीचा झरा होता. त्याला पाइप लावून पाणी सरकारी विश्रामगृहाच्या बागेकडे नेलं होतं. वर मोठ्या अक्षरात छापलं होतं: वाडीचं पाणी वाडीला!

हे वाक्य लक्षात ठेवा. सगळा घोटाळा त्यातच आहे.

ईदच्या सुट्टीत टोळीने पॅसिफिकमधल्या एका बेटावर जंगलातली वाट चालायचं ठरवलं. बेटाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुमच्यापैकी निम्मे जण तिकिटं बघायला लागतील. आम्ही नऊ जण होतो. पुढारी अर्थातच आमचे कॅप्टन. हे एका मोठ्या ऑफिसात एचआरमध्ये आहेत, चाळिशीचे आहेत, आणि शिट्टी गळ्यात घालून चालतात. शारजाच्या काकू होत्या, ज्यांच्या डब्यावर टोळी सहा वर्षं जगली आहे. आणि एक गुडघेवाले दादा, ज्यांचा गुडघा प्रत्येक वाटेवर तासाभराने बोलू लागतो. बाकीच्यांची ओळख लागणार नाही.

वाट दाखवायला त्या गावातलीच एक बाई होती. पंचेचाळिशीची असेल. पायात रबरी चपला, हातात कोयता, केस गुंडाळून वर बांधलेले. काकू तिला पहिल्या मिनिटापासून गाईडताई म्हणू लागल्या आणि ती त्या हाकेला ओ देऊ लागली. ती इंग्रजी बोलायची, पण तीन-चार शब्दांचं. निघण्यापूर्वी तिने आम्हाला गावच्या प्रमुखाच्या ओसरीवर नेलं. चटईवर बसवलं, आमच्या वतीने त्याच्यापुढे वाळक्या मुळांची एक जुडी ठेवली, आणि त्यांच्या भाषेत बराच वेळ काहीतरी म्हटलं. तो अधूनमधून टाळी वाजवत होता.

"काय म्हणाली?" काकूंनी मला विचारलं. मी गाईडताईला विचारलं.

"मी म्हटलं, हे नऊ जण माझे पाहुणे आहेत. यांचं चालणं-वागणं माझ्यावर."

"म्हणजे गाऱ्हाणं घातलं," कॅप्टन म्हणाले. ते कोकणातले. "आमच्याकडे पण राखणदाराला असंच सांगतात." आणि त्यांनी प्रमुखासोबत सेल्फी काढला.

त्या वाटेवर आमची वाळवंटातली सगळी हुशारी निकामी ठरली. वादीत सावली नसते, म्हणून आम्ही माणशी चार लिटर पाणी पाठीवर घेतलं होतं. इथे हवेतच इतकं पाणी होतं की शर्ट पिळून प्यावं. तोंडाला सनस्क्रीनचा पांढरा थर, डोक्याला टोप्या, डोळ्यांना गॉगल, आणि वर झाडी इतकी दाट की गॉगल काढल्याशिवाय स्वतःचे पाय दिसत नव्हते. चालायच्या काठ्या लाल चिखलात रुतायच्या आणि उपटताना बाटलीचं बूच निघावं तसा आवाज यायचा. वादीत दगड हलतो, म्हणून आम्ही मातीवर पाय टाकायला शिकलो होतो. इथे माती घसरत होती आणि मुळं तेवढी पक्की होती. गाईडताई मुळांवरून जिना चढावा तशी चढायची, आणि आम्ही सवयीने मुळं चुकवून पुन्हा पुन्हा ढुंगणावर आपटायचो.

"यल्ला, यल्ला," कॅप्टन शिट्टी फुंकत होते. "टाइम बघा लोकहो. तीनला बोट आहे."

"अहो, जरा बघू द्या तरी!" काकू एका पानापाशी थांबल्या होत्या. छत्रीएवढा अळू. "एका पानाच्या पन्नास वड्या पडतील."

मला मात्र दुसरंच दिसत होतं. वाटेच्या कडेने मनगटाएवढा काळा पाइप सोबत चालला होता. कुठे मुळांखाली, कुठे दगडाला तारेने बांधलेला. मी त्याच्यावरून दोनदा अडखळले. पाइप म्हटला की माझ्या डोक्यात ते गुलाबी पत्रक. मी गाईडताईला विचारलं. ती म्हणाली, वरच्या डोहातून गावाच्या टाकीत पाणी जातं. शाळेलाही तेच.

पाऊण वाट संपल्यावर दादांचा गुडघा बोलू लागला. त्यांना एका ओंडक्यावर बसवून गाईडताई कुठल्याशा पाल्याने गुडघा बांधू लागली. पुढचे सात जण वळणाआड गेले होते. तिने मला हाक मारली.

"तू पुढे जा. सांग, डोहात उतरायचं नाही. हात धुवायचे नाहीत. साबण नाही, क्रीम नाही. गावाचं पाणी आहे. मी येते."

दादा हे ऐकत होते. हे महत्त्वाचं आहे, म्हणून लिहून ठेवते: तिने सांगितलं, वेळेवर सांगितलं, आणि आम्ही दोघांनी ऐकलं.

मी धावत वळणापर्यंत गेले. खाली ओढ्याच्या पलीकडे सगळे चढत होते. पाण्याचा आवाज येत होता. मी तोंडाभोवती हात धरून ओरडले. गावाचं पाणी म्हणायला हवं होतं. तिचे शब्द जसेच्या तसे. पण मी पत्रकबाई! समोर खराखुरा पाइप, खराखुरा झरा, खरीखुरी वस्ती, आणि माझ्या जिभेवर वीस वर्षं तयार असलेलं वाक्य.

"थांबा! वाडीचं पाणी आहे! वाडीचं!"

पलीकडून कॅप्टनचा हात वर झाला. शिट्टी वाजली. "वाडी आली रे! यल्ला!" आणि सगळ्यांनी आनंदाने आरोळी ठोकली.

मला वाटलं, कळलं. थांबताहेत. मला वाटलं, माझ्या वाक्याला दाद मिळाली. हे लिहिताना मला लाज वाटते, पण झालं ते असं: मी तिथेच एका मुळावर बसले आणि वही काढली. "वाडीचं पाणी वाडीला, पॅसिफिकमध्येसुद्धा" असं लिहिलं. खाली दोन ओळी खरडल्या. एक खोडली. पुन्हा लिहिली. दहा-बारा मिनिटं गेली असतील.

मागून गाईडताई आली, दादांना आधार देत. आम्ही तिघं डोहापाशी पोचलो.

सातही जण पाण्यात होते. कॅप्टन पाठीवर पडून तरंगत होते. एक जण चिखलाचे मोजे दगडावर आपटत होता. काकू कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून शांपूची पुडी दातांनी फाडत होत्या. एक पुडी आधीच संपली होती, कारण डोक्यावर फेस होता. पाण्यावर सनस्क्रीनचा तवंग इंद्रधनुष्यासारखा पसरला होता आणि सावकाश, अगदी शिस्तीत, एका कोपऱ्याकडे निघाला होता. तिथे जाळी लावलेलं पाइपचं तोंड होतं.

"ये गं, काय मस्त गार आहे!" काकूंनी मला हात केला.

गाईडताईने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग चपला काढून हातात घेतल्या आणि आल्या वाटेने उताराला धावत सुटली. खाली टाकीचा कॉक बंद करायला. जो चढ चढायला आम्हाला दोन तास लागले, तो ती किती वेळात उतरली माहीत नाही. फेस तिच्या आधी पोचला एवढं माहीत आहे.

"हे काय! गाईड सोडून गेली?" कॅप्टन पाण्यातून उठले. "धिस इज नॉट डन."

"गावाचं पिण्याचं पाणी आहे हे!" मी किंचाळले. "मी सांगितलं होतं ना!"

"तू वाडी म्हणालीस."

"वाडी म्हणजे वस्ती! सहा वर्षं सांगतेय!"

"सहा वर्षं सांगतेस म्हणूनच आम्ही ऐकणं सोडलंय," कॅप्टन म्हणाले. कोणी हसलं नाही. काकूंनी हातातली पुडी मुठीत दाबली आणि डोक्यावरचा फेस तसाच घेऊन काठावर आल्या. तो धुवायचा कुठे हा प्रश्न त्यांना तेव्हा पहिल्यांदा पडला असावा. त्या तशाच ओल्या, चिकट केसांनी खाली उतरल्या.

आम्ही पाइपच्या आधाराने वाट शोधत गावात आलो. टाकी रिकामी करत होते. पाणी मातीतून वाहून जात होतं आणि शाळेच्या गणवेशातल्या मुली कॅन घेऊन दुसऱ्या ओढ्याकडे निघाल्या होत्या. आम्हाला पुन्हा त्याच ओसरीवर बसवलं. गाईडताई प्रमुखाच्या बाजूला खाली मान घालून बसली होती, पायाला चिखल तसाच. आदल्या वेळी ती आमच्या बाजूला बसली होती.

प्रमुखाने इंग्रजीत एकच प्रश्न विचारला. "हिने तुम्हाला सांगितलं होतं का?"

सगळ्यांनी कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टननी घसा साफ केला. "सर, देअर वॉज अ कम्युनिकेशन गॅप."

मी तोंड उघडलं. कॅप्टननी माझ्या कोपराला हात लावला. "आत्ता नको. अडीच वाजलेत. बोट चुकली तर फ्लाइट चुकेल. नंतर मेल टाकू."

आणि मी, बंधू-भगिनींनो आणखी किती दिवस गप्प बसणार यावर अक्षरं गिरवलेली मी, गप्प बसले.

परत निघताना वाटेच्या तोंडाशी दोन माणसं बांबू आडवा बांधत होती. त्याला नारळाची झावळी गाठ मारून लटकवली होती. दादांनी विचारलं तर म्हणाले, वाट बंद. किती दिवस? ते बैठकीत ठरेल. आणि वाट पुन्हा उघडली तर तिच्यावर पाहुणे न्यायचं काम हिच्याकडे राहील का, तेही बैठकीत.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, कॅप्टननी त्या वाटेच्या इंटरनेटवरच्या पानावर लिहिलेला अभिप्राय. निसर्ग अप्रतिम, गाईडने नियमांची पूर्वकल्पना दिली नाही, गाईड आम्हाला जंगलात सोडून निघून गेली. यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, हे किती भयंकर आहे बघा. दुसरी, गाईडताईचा निरोप. तिने तो अभिप्राय वाचला होता. गावानेही. तिने लिहिलं होतं: "मी तुला सांगितलं होतं ना? गावाला पत्र हवं. नऊ जण आत आले. नऊ जणांनी सांगायचं. एकाचं चालत नाही."

मी बाबांना सगळं सांगितलं. ते बाल्कनीत कपडे वाळत घालत होते.

"तू काय म्हणालीस? नेमकं सांग."

"वाडीचं पाणी आहे."

"दुबईच्या माणसांना?" बाबांना हसू फुटलं. मग माझं तोंड बघून थांबलं. त्यांनी चिमटा लावलेला शर्ट पुन्हा काढला, झटकला, पुन्हा लावला. "ते गुलाबी पत्रक आहे ना, त्याचा पहिला मसुदा मी फार सुंदर लिहिला होता. झऱ्याच्या काठी राहणाऱ्या एका म्हातारीला वाचून दाखवला. ती म्हणाली, छान आहे, पण कुणाबद्दल आहे? मग तिच्या शब्दांत पुन्हा लिहिला. तुला पाठ आहे तो दुसरा."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस. तुला घोषणाच आवडायच्या."

त्यांनी पत्राचा मसुदा करायला मदत केली. वीस-पंचवीस वर्षांनी बाबांनी काही लिहिलं, आणि ते कबुलीपत्र होतं. तीन वाक्यं. बाईंनी आम्हाला पाण्यात उतरू नका असं वेळेवर सांगितलं होतं. निरोप पोचवताना आमच्या भाषेत गोंधळ झाला. चूक आमची आहे, त्यांची नाही. खाली नऊ रेघा.

पुढच्या हिवाळ्याची वाट बघावी लागली नाही. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी टोळी उन्हाळ्याआधीची अखेरची वादी करणार होती. कागद फोल्डरमध्ये घालून मी कॅप्टनच्या गाडीत बसले. शारजाहून काकूंना घेऊन निघालो आणि अर्थातच जाममध्ये अडकलो. माझ्यासाठी उत्तम. कोणी कुठे पळून जाणार नव्हतं.

कॅप्टननी स्टिअरिंगवर कागद धरून वाचला. "सही म्हणजे ॲडमिशन असतं गं, कबुली. मी एचआरमध्ये आहे. मी लोकांना हेच सांगतो, सही करण्याआधी विचार करा."

"मग करा विचार. पुढे ट्रकच आहे."

"हे 'चूक आमची' काढ. 'चूक माझी' लिही, तू एकटी सही कर. मग विषय खलास."

यातलं अर्धं बरोबर होतं, आणि माझा संताप त्याच अर्ध्यावर आहे. वाक्य माझं होतं. वही काढून बसले मी. पण एकाचं पत्र गावाला चालत नव्हतं, आणि साबण माझा नव्हता.

"ठीक आहे," मी म्हटलं. "वाडी ऐकून वादी समजलात. उडी मारलीत. पण साबण कुठल्या वादीत लावायचा असतो?"

कॅप्टननी कागद माझ्या मांडीवर टाकला. मग मागून काकू म्हणाल्या, "सगळ्याच."

"काय?"

"सगळ्याच वाड्यांमध्ये लावतो की आपण. मी दर वेळी केस धुते. शारजात आमच्या नळाला खारट पाणी येतं, केस नुसता काथ्या होतात. मी तर शनिवारची वाट बघते." त्या खिडकीबाहेर बघत बोलत होत्या. "आण तो कागद."

त्यांनी गुडघ्यावर पर्स ठेवून, पर्सवर कागद ठेवून सही केली. अक्षर हललं, कारण तेवढ्यात ट्रक पुढे सरकला.

"काकू, तुम्ही भावनेच्या भरात—" कॅप्टन म्हणाले.

"अरे, तू गाडी चालव."

दादांनी डोंगराच्या पायथ्याशी सही केली. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. म्हणाले, मी ऐकलं होतं, ती माझा गुडघा बांधत होती. बाकीचे पाच जण मात्र कॅप्टनकडे बघत राहिले. एकाला व्हिसाची काळजी. दुसऱ्याचं म्हणणं, आता इतके दिवस झाले. तिसरा म्हणाला, "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक," आणि तो आठवडा कधी येत नाही हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

त्या दिवशी डोहापाशी पोचल्यावर सगळ्यांनी उड्या मारल्या. मी मारली नाही. मी पात्रातून खाली चालत निघाले. सहा वर्षांत आम्ही कायम वर जातो आणि त्याच वाटेने गाडीपाशी येतो. पाणी डोहातून पुढे कुठे जातं हे मी कधी पाहिलं नव्हतं. गाडीची वाट सोडून डावीकडे एक सिमेंटची पन्हळ सुरू होत होती, वीतभर रुंद, कातळाच्या कडेने बांधलेली. तिच्यात आमच्या डोहाचं पाणी चालत होतं. मीही तिच्याबरोबर चालले. अर्ध्या तासाने खजुराची बाग लागली. निळं पिंप, दोरीवर लुंगी, आणि पन्हळीच्या काठी उकिडवा बसून तांदूळ धुणारा एक माणूस. बागेत कामाला असावा.

"ये पानी आप पीते हैं?" मी विचारलं.

"धोने-पकाने का यही है," तो म्हणाला. "पीने का गाड़ी से आता है। गाड़ी आई, तो।"

"शनिवार को साबुन आता है इसमें?"

त्याने पातेलं बाजूला ठेवलं आणि माझ्या बुटांकडे, टोपीकडे पाहिलं. "वो आप लोग हो?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्याने पातेल्यातलं पाणी ओतून टाकलं, पिंपाचं झाकण काढलं, आणि आदल्या दिवशीचं भरून ठेवलेलं पाणी घेऊन तांदूळ पुन्हा धुतले. शुक्रवारी पिंप भरून ठेवायचं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्यामुळे तो शिकला होता.

मी परत गेले आणि हे सगळं सांगितलं. तोपर्यंत डबे उघडले होते. काकूंनी शांपूची पुडी बॅगेच्या बाहेर काढलीच नव्हती. कॅप्टन म्हणाले, "तू प्रत्येक गोष्टीचं पत्रक करतेस."

होय, करते. करायलाच हवं होतं, पण ओसरीवर, तेव्हा, मोठ्याने. ते मी केलं नाही, म्हणून आता कागद घेऊन फिरते आहे.

आज पत्रावर तीन सह्या आहेत. मी तीन सह्यांचा फोटो गाईडताईला पाठवला. तिने उत्तर दिलं: "प्रमुखांना दाखवला. ते म्हणाले, अजून सहा जण कुठे आहेत?" बैठकीने निर्णय पुढच्या पावसापर्यंत ठेवला आहे. तोवर वाटेवर बांबू आडवाच आहे आणि ती भावाच्या अळूच्या वाफ्यात काम करते. जी वाट तिने बारा वर्षं कोयत्याने साफ ठेवली, तिच्यावर तिला एकटीलाही जाता येत नाही. कॅप्टनचा अभिप्राय अजून त्या पानावर आहे. एकवीस लोकांनी तो उपयोगी असल्याचं म्हटलं आहे.

उरलेल्या सहा जणांनो, तुमची नावं मी इथे लिहिलेली नाहीत आणि लिहिणार नाही. कागद मनखूलला आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. पेन शेजारीच आहे. बाबा संध्याकाळी घरीच असतात, चहा करतात. यायला पाऊस सुरू होईपर्यंत वेळ आहे. आपला नव्हे, तिकडचा.

आणि बाकीच्या वाचकांना, ज्यांचा या पत्राशी काही संबंध नाही, माझी एक विनंती आहे. ती तुमच्याच शब्दांत करते. येत्या शनिवारी तुम्ही वाडीला जाल. डोहापाशी पोचलात की बूट काढू नका. आधी पाण्याबरोबर खाली अर्धा तास चालत जा. तिथे कोणी ना कोणी भांडं घेऊन बसलेलं असेल. त्याला विचारा, आम्ही पाण्यात उतरलो तर चालेल का? तो नाही म्हणाला तर कोरडे पाय घेऊन घरी या. आणि साबण, विचारायच्याही आधी, गाडीतच ठेवा.